बोलोन्यात पाच दिवस: वीट, माती आणि अंड्यात मळलेलं पीठ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही, तुमचे यजमान आणि 71 वर्षांच्या सासूबाई. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस पूर्वी टूरबरोबर धावतपळत झालं आहे. आता इटलीतल्या एकाच जुन्या शहरात पाच दिवस मुक्काम करायचा आहे. खाणं, चित्रं-शिल्पं आणि जुन्या इमारती, तिन्ही हवं. सासूबाई शाकाहारी आहेत, अंडं चालतं, फार चालणं झेपत नाही. कुठे जावं?

बोलोन्याला जा. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. वीट, चुना, लाकूड यांतच माझा दिवस जातो. पहिल्यांदा बोलोन्याला गेले ते तिथल्या ओवऱ्या पाहायला, कामाचा भाग म्हणून. नंतर ओळखीच्या लोकांना घेऊन जाऊ लागले, सहा-आठ जणांचे छोटे गट. इटलीत याहून देखणी शहरं आहेत, हे आधीच सांगते. पण तुम्हाला हव्या असलेल्या तिन्ही गोष्टी एकाच मुळातून आलेल्या मला इथेच दिसल्या, आणि ते मूळ आहे माती.

बोलोन्या पो नदीच्या सपाट खोऱ्याच्या दक्षिण कडेला आहे. जमीन गाळाची. चांगला दगड जवळपास नाही. पाठीमागच्या टेकड्यांत मिळतो तो सेलेनाइट, म्हणजे जिप्समचा चमकदार खडक, आणि तो पाण्याला टिकाव धरत नाही. संगमरवर हवा तर लांबून, पैसे ओतून आणायचा. मग या लोकांनी पायाखालची माती घेतली, मळली, साच्यात घातली, भाजली. घरं विटांची, मनोरे विटांचे, चर्च विटांचं, खिडक्यांच्या नक्षीदार चौकटीसुद्धा भाजलेल्या मातीच्या. इटालियन लोक या शहराला तीन नावांनी हाक मारतात: विद्वान, लठ्ठ आणि लाल. त्यातला लाल रंग मुळात या विटांचा. राजकारणाचा लाल रंग फार पुढे आला.

याचा सगळ्यात मोठा पुरावा मुख्य चौकातच उभा आहे. प्यात्सा माज्जोरेच्या दक्षिण बाजूला सान पेत्रोनिओचं चर्च आहे. बांधकाम 1390 मध्ये सुरू झालं. लांबी सुमारे 132 मीटर. दर्शनी भिंतीचा खालचा भाग गुलाबी-पांढऱ्या संगमरवराचा, आणि त्याच्या वर एकदम उघडी, खडबडीत वीट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, दुरुस्ती चालू आहे. तसं नाही. पैसा, वाद, आराखड्यांवर न झालेलं एकमत, यांत शतकं गेली आणि भिंत तशीच राहिली. पाल्लादिओसारख्या नामवंत वास्तुकाराने आराखडे दिले, तेही कागदावरच राहिले. त्या उघड्या भागासमोर मी दर वेळी थोडा वेळ थांबते. संगमरवर अडकवण्यासाठी विटांचे थर मुद्दाम पुढेमागे सोडले आहेत. झाकायचं राहून गेल्यामुळे गवंड्याचा हात तिथे स्पष्ट वाचता येतो. मधल्या दाराभोवतीची दगडी शिल्पं मात्र सावकाश पाहा. याकोपो देल्ला क्वेर्चा याने 1425 मध्ये ती हाती घेतली आणि 1438 मध्ये मरेपर्यंत काम पूर्ण झालं नव्हतं. आदमची निर्मिती तिथे कोरलेली आहे.

आत गेलात की डाव्या बाजूच्या फरशीत पितळेची एक लांब रेघ दिसेल. ती 1655 मध्ये खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीने आखली. वर छताला एक भोक आहे. माध्यान्हीला त्यातून आलेला उन्हाचा कवडसा या रेघेवरून सरकतो. उन्हाळ्यात सूर्य उंच, म्हणून कवडसा भोकाजवळ पडतो. हिवाळ्यात तो रेघेच्या दुसऱ्या टोकाला जातो. रेघ सुमारे 67 मीटर लांब आहे. त्या कवडशाची रुंदी वर्षभर मोजून कास्सिनीने सूर्याचं दिसणारं आकारमान कसं बदलतं ते तपासलं, आणि लंबवर्तुळाकार कक्षेबद्दलच्या केप्लरच्या म्हणण्याला त्याने आधार मिळाला. हे सगळं एका चर्चच्या आत, गॅलिलिओवरच्या खटल्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी. हिवाळ्याच्या वेळेत सव्वाबाराच्या आसपास तिथे असा. उन्हाळी वेळेत तोच क्षण सव्वाएकला येतो, तेव्हा दार दुपारचं बंद तर होत नाही ना, हे आदल्या दिवशी पाहून घ्या. नाशिकहून इतक्या लांब जाऊन तो कवडसा चुकवू नका.

आता ओवऱ्या. तिथे त्यांना पोर्तिको म्हणतात. शहराच्या हद्दीत सगळ्या मिळून सुमारे 62 किलोमीटर भरतात, आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यामागची हकीकत माझ्या आवडीची आहे. विद्यापीठ जुनं, परंपरेने 1088 सालचं मानतात. विद्यार्थी आणि कारागीर येत गेले, जागा अपुरी पडू लागली. लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली लाकडी खांबांचे टेकू दिले. दुसऱ्या गावांनी हे अतिक्रमण म्हणून पाडलं असतं. बोलोन्याने उलट केलं. 1288 मध्ये नियम केला की नव्या घराला पोर्तिको हवाच, उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे सुमारे 2.66 मीटर, आणि त्यातून कुणालाही जाता आलं पाहिजे. जमीन घरमालकाची, निगाही त्याचीच, पण वाट सगळ्यांची. आपल्याकडे ओसरी घराची असते, आलेल्याने विचारून टेकायचं असतं. इथे अख्ख्या गावाने एकमेकांची ओसरी जोडून घेतली आणि तिचा रस्ता केला.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की सासूबाईंना ऊन नाही, पाऊस नाही, वाहनांची धास्ती नाही. पाऊस धो धो असला तरी हॉटेलपासून जेवायच्या जागेपर्यंत बहुतेक वाट कोरडी मिळते. एकच खबरदारी घ्या. काही पोर्तिकोंची जमीन गुळगुळीत घोटलेल्या मोझॅइकची आहे आणि ओल्या चपला-बुटांनी ती निसरडी होते. रबरी तळव्याचे बूट घ्या.

स्त्रादा माज्जोरेवर कोर्ते इझोलानीचा लाकडी पोर्तिको अवश्य पाहा. तेराव्या शतकातला, ओकचे खांब जवळजवळ नऊ मीटर उंच. पुढे 1568 मध्ये लाकडी खांब काढून विटांचे करण्याचा हुकूम निघाला, त्यातून वाचलेल्या मोजक्यांपैकी हा एक. खांबाचा बुंधा पाहा. तो थेट जमिनीत गाडलेला नाही, खाली दगडी बैठक आहे, म्हणजे ओल वर चढत नाही. आपल्या वाड्यांत खांबाखाली तळखडा असतो तो याच कारणाने.

दोन मनोऱ्यांबद्दल तुम्ही वाचलंच असेल. आझिनेल्ली 97.2 मीटर उंच आणि त्याच्या शेजारी आखूड, फार कललेला गारिझेंदा, सुमारे 48 मीटरचा. चौदाव्या शतकात धोका वाटला म्हणून त्याचा वरचा भाग उतरवला होता. महाकवी दान्तेने 'डिव्हाइन कॉमेडी'तल्या नरकखंडाच्या एकतिसाव्या सर्गात त्याची उपमा दिली आहे: कललेल्या बाजूने पाहताना वरून ढग सरकला की मनोराच आपल्या अंगावर येतो असं वाटतं. उभं राहून पाहा, आजही तसंच वाटतं. पण ऑक्टोबर 2023 मध्ये गारिझेंदाच्या पायथ्याशी हालचाल वाढल्याचं लक्षात आलं आणि भोवतालचा भाग बंद करण्यात आला. आझिनेल्लीच्या 498 पायऱ्याही तेव्हापासून पर्यटकांना बंद झाल्या. कारण तेच, वर सांगितलेला सेलेनाइट. मनोऱ्याचं बूड त्या खडकाचं आहे, वरची सगळी वीट आहे, आणि शतकानुशतकांच्या ओलीने आणि उष्णतेने तो खडक आतून कमजोर झाला आहे. माझ्यासारखीला हे काम चाललेलं पाहणं हाच मोठा धडा आहे. उंचीवरून शहर पाहायचं असेल तर मुख्य चौकातल्या पालाझ्झो द'आक्कूर्सिओच्या घड्याळ-मनोऱ्यावर तिकीट काढून जाता येतं. सासूबाईंना खाली नेपच्यूनच्या कारंज्यापाशी बसवा. ते कांस्यशिल्प जाम्बोलोन्याचं, 1560 च्या दशकातलं.

शिल्पांकडे वळते, कारण एका गोष्टीसाठी तुम्ही वेळ राखून ठेवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुख्य चौकापासून दोन मिनिटांवर, बाजाराच्या गल्लीतच सांता मारिया देल्ला वीता नावाचं चर्च आहे. तिथे निक्कोलो देल्लार्का याने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेला शोकाचा देखावा आहे. क्रुसावरून उतरवलेला येशू आडवा, भोवती सहा माणसं, सगळी माणसाच्या उंचीची, भाजलेल्या मातीची. डावीकडे गुडघ्यावर बसलेला एक पुरुष हातोडा धरून सरळ आपल्याकडे पाहतो. मधे आई, हात एकमेकांत आवळलेले. उजवीकडच्या दोन स्त्रिया मात्र धावत येतात. एकीने समोरचं दिसू नये म्हणून हात पुढे केले आहेत. शेवटची मॅग्डालेन, तिची वस्त्रं वाऱ्याने मागे फेकली गेली आहेत, तोंड उघडं आहे, आतले दात दिसतात. त्या दातांपाशी जाऊन पाहा. मातीत असं करायचं तर ती ओली असताना ठरावीक वेळेतच करावं लागतं. सुकली की सुधारता येत नाही, भाजताना जाडी कमीजास्त असली की तडकते. संगमरवरात चूक व्हायची भीती छिन्नीच्या प्रत्येक घावाला असते, म्हणून शिल्पकार थांबत थांबत जातो. मातीत थांबताच येत नाही. त्या किंकाळीतली घाई मला मातीचीच घाई वाटते. आधी ही शिल्पं रंगवलेली होती, रंगाच्या खुणा अजून काही जागी आहेत.

माझ्याबरोबर आलेल्या एक मावशी तिथे अर्धा तास हलल्या नाहीत. ख्रिस्ती कथा त्यांना फारशी ठाऊक नव्हती. "पोर गेलंय तिचं," एवढंच म्हणाल्या. सासूबाईंना काही समजावून सांगत बसू नका, नुसतं नेऊन उभं करा.

त्याच निक्कोलोने सान दोमेनिकोच्या चर्चमध्ये संत दोमेनिकोच्या संगमरवरी पेटीचं झाकण केलं. त्याचं देल्लार्का हे नाव त्या पेटीवरूनच पडलं. पेटीचं मूळ काम तेराव्या शतकातलं, निकोला पिझानो आणि त्याच्या कार्यशाळेचं. उरलेल्या तीन छोट्या मूर्ती 1494-95 मध्ये एका एकोणीस वर्षांच्या पोराने करून दिल्या, त्याचं नाव मायकेलअँजेलो. पेटीच्या पुढच्या बाजूला मेणबत्ती धरलेले दोन देवदूत आहेत. डावीकडचा निक्कोलोचा, नाजूक, लांब केसांचा. उजवीकडचा मायकेलअँजेलोचा, आखाड्यातून उठून आल्यासारखा, दणकट मानेचा. वर संत पेत्रोनिओच्या हातात शहराची प्रतिकृती आहे आणि तिच्यात मनोरे ओळखता येतात. गर्दी नाही, रांग नाही. फ्लॉरेन्समध्ये याच माणसाचं काम पाहायला तुम्ही केवढा वेळ रांगेत होतात ते आठवा.

चित्रांसाठी पिनाकोतेका नात्स्योनाले पुरेसं आहे, आणि तिथे मोजकंच पाहा. राफाएलची सेंट सिसिलिया, ग्वीदो रेनीचं बालहत्येचं चित्र, आणि काराच्ची घराण्याच्या खोल्या. काराच्ची भावंडं इथलीच. सोळाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी चित्रकलेला पुन्हा खऱ्या माणसांकडे वळवलं आणि त्यांच्या हाताखालून ग्वीदो रेनी तयार झाला. सोमवारी संग्रहालय बंद असतं. तिथून येताना व्हिया झांबोनीवर सान जाकोमोच्या शेजारी सेंट सिसिलियाच्या नावाची एक छोटी प्रार्थना-खोली आहे, तिच्या भिंतींवर फ्रांचा, कोस्ता आणि आस्पेर्तीनी यांची 1505-06 ची भित्तिचित्रं आहेत. पंधरा मिनिटांत होते.

आर्किजिन्नाझिओ म्हणजे विद्यापीठाची 1563 ची इमारत. भिंतींवर आणि छतांवर विद्यार्थ्यांची हजारो कुलचिन्हं रंगवलेली आहेत. वरच्या मजल्यावर शवविच्छेदनाचं सभागृह आहे, 1637 चं, पूर्ण लाकडी. मध्ये संगमरवरी टेबल, भोवती बाकं. प्राध्यापकाच्या आसनाचं छत्र दोन कातडी सोललेल्या पुरुषांच्या लाकडी पुतळ्यांनी तोलून धरलं आहे, एर्कोले लेल्लीच्या आराखड्यावरून 1734 मध्ये केलेले. 29 जानेवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात हे सगळं कोसळलं. लोकांनी ढिगाऱ्यातून लाकडाचे तुकडे वेचून काढले आणि पुन्हा जोडले. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे पाहून बळ येतं. आपल्याकडे असं काही पडलं की जळणाला जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सांतो स्तेफानोला संध्याकाळी जा. एकात एक गुंतलेली जुनी चर्च, लोक त्यांना सात चर्च म्हणतात. पिलातच्या अंगणाच्या भिंतीवर वीट आणि दगड यांची रांगोळीसारखी नक्षी आहे. ती पाहून बाहेर चौकात पोर्तिकोच्या कठड्यावर बसून राहा.

खाण्याबद्दल आता सविस्तर लिहिते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे.

बोलोन्याचं खाणं मांसाचं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. डुकराचं मांस, त्याची चरबी, आणि त्याबरोबर लोणी आणि चीज. मोर्तादेल्ला हा इथला मोठा सॉसेज, मऊ गुलाबी मांसात चरबीचे पांढरे चौकोनी तुकडे. त्यात काय घालावं याचा हुकूम 1661 मध्ये कार्डिनल फार्नेसेने काढला होता. तुम्ही दोघं खात असाल तर क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांत, म्हणजे मुख्य चौकालगतच्या जुन्या बाजारात, कागदाइतका पातळ कापून घ्या. जाड कापलेला घेऊ नका, वासच लागत नाही. तिथेच एक ओस्तेरिया 1465 पासून चालू आहे. तिथे फक्त दारू मिळते, खाणं आपलं आपण बाहेरून घेऊन जायचं. बाजारातून पाव, चीज, मोर्तादेल्ला घेऊन तिथल्या लाकडी बाकांवर बसायचं, अशी रीत आहे.

स्पगेटी बोलोनीज नावाचा पदार्थ इथे कुणी करत नाही. खिम्याचा दाट रस्सा, म्हणजे इथला रागू, अंड्याच्या पिठाच्या रुंद पट्ट्यांवर, म्हणजे ताल्यातेल्लेवर येतो. त्यात टोमॅटो थोडा, गाजर, सेलरी, कांदा, वाइन, आणि हो, दूध. खाण्याच्या बाबतीत हे लोक किती काटेकोर आहेत पाहा. रागूची कृती 1982 मध्ये बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली, आणि 2023 मध्ये तिच्यात सुधारणा केली. त्याच्याही आधी 1972 मध्ये ताल्यातेल्लेची रुंदी ठरवली: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. पदार्थाचं माप इमारतीवरून काढणारं दुसरं गाव मला माहीत नाही.

आणि या सगळ्याच्या बुडाशी आहे स्फोल्या. हातानं लाटलेली, अंड्याच्या पिठाची पोळी. ती लाटणाऱ्या बाईला स्फोलीना म्हणतात. गल्लीतल्या एका दुकानात काचेमागे एक बाई सकाळी आठपासून लाटत असायच्या. मी त्यांना विचारून दोन तास शेजारी उभी राहिले. शंभर ग्रॅम मैदा, एक अंडं. पाणी नाही, मीठ नाही. मळून वाडग्याखाली अर्धा तास झाकून ठेवायचं. लाकडी फळा, आणि लाटणं हाताभर लांबीचं, मुठी नसलेलं, मधे फुगीर नसलेलं, सरळ. त्या लाटणं गोल गोल फिरवत नव्हत्या. तळव्याने पुढे ढकलायच्या आणि त्याच वेळी दोन्ही हात मधून कडेला सरकवायच्या, म्हणजे पोळी ताणली जाते. मग ती लाटण्यावर गुंडाळून, थोडी फिरवून पुन्हा सोडायची. वीस मिनिटांत ती फळ्याच्या कडेवरून खाली लोंबायला लागली. त्यांनी ती खिडकीसमोर धरली. उजेड आला, बोटांच्या सावल्या दिसल्या. स्फोल्या अशी हवी की तिच्यातून पलीकडच्या टेकडीवरचं सान लूका दिसलं पाहिजे, असं बोलोन्यात म्हणतात. फळा लाकडाचा का, असं मी विचारलं. त्यांनी माझं बोट धरून पोळीवरून फिरवलं. बारीक खरखर होती. त्या खरखरीला रागू धरून राहतो, यंत्राच्या गुळगुळीत पास्त्यावरून तो घसरतो.

याच पोळीचे तीन सेंटिमीटरचे चौकोन कापून, हरभऱ्याएवढं सारण ठेवून, त्रिकोण दुमडून करंगळीभोवती वळवला की तोर्तेल्लीनी होते. ज्यांनी मोदकाच्या कळ्या केल्या आहेत त्यांची बोटं हे दहा मिनिटांत शिकतात, माझ्या गटांत हे मी दर वेळी पाहते. म्हणून सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी स्फोल्याचा एक वर्ग आधीच नोंदवून ठेवा. शहरात बरेच आहेत, छोटा गट असलेला घ्या, आणि नोंदवतानाच शाकाहारी सारण हवं असं लिहून कळवा.

कारण खऱ्या तोर्तेल्लीनीत डुकराचं मांस, कच्चा हॅम आणि मोर्तादेल्ला असतो, आणि त्या कोंबड्याच्या रश्श्यात येतात. सासूबाईंसाठी शब्द लक्षात ठेवायचा तो तोर्तेल्लोनी. शेवटी नी आहे पण आधी लो आहे. आकाराने मोठ्या, आत रिकोत्ता चीज आणि पालक किंवा पार्सली, वर लोणी आणि सेजची पानं: बूर्रो ए साल्व्या. हा पदार्थ जवळजवळ प्रत्येक जुन्या खाणावळीत मिळतो, आणि अप्रतिम असतो. भोपळ्याचं सारण भरलेला प्रकार फेर्राराकडचा, तोही दिसतो. मशरूमच्या हंगामात ताल्यातेल्ले आय फुंगी मागा.

मांस दिसत नसलं तरी काही ठिकाणी ते असतं, तेवढं सांभाळा. ब्रोदो म्हणजे मांसाचाच रस्सा. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी. तळलेल्या पुऱ्यांसारख्या क्रेशेंतीने, पोळीसारखी पियादीना आणि कांद्या-टोमॅटोचा फ्रिज्जोने, हे दिसायला शाकाहारी पदार्थ परंपरेने त्यातच होतात. विचारायचं, "चे स्त्रुत्तो?" आणि पार्मिज्यानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. नियमानेच तसं आहे, त्याचा शाकाहारी प्रकार नसतो. सासूबाईंना हे आधी सांगा आणि ठरवू द्या. एका खाणावळीत माझ्या गटातल्या एका आजोबांना भाजीचं सूप म्हणून दिलेल्या वाडग्यात हॅमचे तुकडे निघाले होते. वाढणाऱ्याच्या मते ते मांस नव्हतं, चवीपुरतं होतं. आजोबा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून मी "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा प्रोश्युत्तो, सेन्त्सा पांचेत्ता" असं एकेक नाव घेऊन विचारते. तुम्हीही तसंच विचारा, कुणाला राग येत नाही.

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात चूल बंद असते. चांगल्या खाणावळीत रात्रीची जागा दोन-चार दिवस आधी सांगून ठेवावी लागते. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी काही युरो लागतील, ती बसण्याची आकारणी आहे, फसवणूक नव्हे. एखाद्या रात्री कंटाळा आला तर मेर्कातो देल्ले एर्बेच्या भाजीबाजारात जा. फळं, चीज, पाव घ्या, बाजूच्या काउंटरवर पिझ्झाही मिळतो.

बाहेरगावी एकच दिवस द्या, आणि तो रावेन्नाला. साध्या रेल्वेने सव्वा तासाच्या आत-बाहेर. तिथलं सान व्हिताले हे चर्च 547 मध्ये विधिपूर्वक पवित्र केलं गेलं. बाहेरून निव्वळ विटांची कोरडी इमारत, आत शिरलं की सोनेरी आणि हिरव्या काचांचं मोझॅइक. गाल्ला प्लाचीदियाच्या समाधीतलं निळं आकाश तर डोळ्यांतून जात नाही. तिथे आत जायची वेळ ठरवून घ्यावी लागते. मोदेना जवळ आहे, कॅथेड्रल सुंदर आहे, पण सासूबाईंबरोबर दोन गावं करू नका. पाच दिवसांत चार गावं उरकण्याची धाव तुम्ही एकदा धावला आहात.

शेवटची सकाळ सान लूकाला. टेकडीवरचं हे देवस्थान शहराशी एका अखंड पोर्तिकोने जोडलं आहे, 666 कमानी, सुमारे 3.8 किलोमीटर. 1433 मध्ये पाऊस थांबेना तेव्हा टेकडीवरचं मेरीमातेचं चित्र मिरवणुकीने खाली आणलं. तेव्हापासून दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास ते शहरात येतं. ती मिरवणूक भिजू नये म्हणून 1674 पासून हा पोर्तिको बांधला. पैसा लोकांनी दिला, साहित्य लोकांनी रांग करून हातोहात वर पोचवलं. तुम्ही दोघं मेलोन्चेल्लोच्या कमानीपासून चढा, चांगला पाऊण तासाचा चढ आहे. सासूबाईंसाठी चौकातून निघणारी छोटी पर्यटक-गाडी थेट वर जाते. त्यांना वर गाठा.

पोचण्याचं थोडक्यात: मुंबईहून थेट विमान नाही, एका थांब्याने बोलोन्या गाठता येतं, किंवा मिलानला उतरून वेगवान रेल्वेने तासाभरात. विमानतळावरून मोनोरेल सात मिनिटांत स्टेशनवर आणते. स्टेशनात उतरलात की बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहा. ते 10 वाजून 25 मिनिटांवर थांबवलेलं आहे. 2 ऑगस्ट 1980 ला त्या वेळी प्रतीक्षालयात बॉम्बस्फोट झाला आणि 85 माणसं गेली.

राहायला जुन्या तटाच्या आत, सांतो स्तेफानो किंवा सान फेलिचेच्या बाजूला खोली घ्या, आणि लिफ्ट आहे का ते विचारून घ्या, कारण जुन्या घरांत ती बरेचदा नसते. ऑगस्ट टाळा, अर्धं गाव सुट्टीवर असतं आणि उकाडा फार. एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर उत्तम. मात्र तारखा पक्क्या करण्याआधी शहरातल्या व्यापारी प्रदर्शनांच्या तारखा पाहा. मार्चमध्ये सौंदर्यप्रसाधनांचं, वसंतात बालपुस्तकांचं आणि सप्टेंबरच्या शेवटी टाइल्सचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या आठवड्यांत साध्या खोलीचा दर दुपटीच्या पुढे जातो आणि तुम्हाला हवी तशी खोली मिळत नाही. तारखा ठरल्या की कळवा, स्फोल्याच्या वर्गाला इटालियनमध्ये काय लिहायचं ते मी लिहून देते.